‘किती टक्के फरक पडला की नवी जात?’ आणि त्या शिखरांची भानगड

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत तेच, "मॅडम, डीएनएमध्ये किती टक्के फरक पडला की पक्ष्याची जात वेगळी धरायची?" अहो, असा आकडा नाहीये! एकाने तर "नक्की आकडा लपवताय" असंही लिहिलंय, लपवून मला काय मिळणार.

बेसिक उरकते पटकन. एका जातीचे दोन गट वेगळे पडतात, दोन्हीकडे आपापली म्युटेशन्स, म्हणजे डीएनएतले बदल, होत राहतात, काही नशिबाने टिकतात, काही नैसर्गिक निवडीने, आणि मध्येच संकर झाला की केलेलं सगळं परत ढवळलं जातं. एवढंच.

आता कावळे बघा. युरोपातला कॅरियन क्रो अख्खा काळा, हुडेड क्रोचं अंग राखाडी, लांबूनही चुकायचं नाही. जर्मनीत एल्ब नदीच्या आसपास दोघांच्या हद्दी भिडतात, जोड्या जमतात, पिल्लंही होतात. २०१४ मध्ये दोघांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, शेजारी ठेवून बघितले. डीएनएची शंभर कोटींच्या वर अक्षरं, आणि पक्के फरक, म्हणजे इकडे सगळ्यांत एक अक्षर नि तिकडे सगळ्यांत दुसरंच, ते शंभराच्या आत! जवळपास सगळे १८ नंबरच्या क्रोमोसोमवर, एकाच तुकड्यात, जिथे पिसांच्या रंगाशी संबंध असलेली जीन्स आहेत. टक्केवारीवाल्यांनी आता काय करायचं?

आणि इथूनच माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट सुरू होते. दोन जातींत कुठे किती फरक आहे याचा जीनोमभर ग्राफ काढला की बराचसा भाग सपाट आणि मध्येच उंच शिखरं, त्यांना बेटं म्हणतात, आणि लगेच बोंब, "नवी जात घडवणारं जीन सापडलं!" मीही एका जुन्या व्हिडिओत हेच ठोकून दिलं होतं, एका प्रेक्षकाने कॉमेंटमध्ये माझी चूक काढली, मी आधी भांडले, मग रात्री वाचत बसले. त्याचं बरोबर होतं.

कारण ग्राफवर जे असतं, एफएसटी, ते गुणोत्तर आहे: जातीच्या आतले फरक भागिले दोन जातींमधले फरक, आणि ते एकातून वजा. समजा हजार अक्षरांत दोन जातींमध्ये ४ फरक आणि एकेका जातीच्या आत ३. एक वजा तीन-चतुर्थांश, ०.२५. दुसऱ्या जागी जातींमध्ये ४च, पण आत फक्त १. झालं ०.७५! शिखर उभं राहिलं आणि दोन जातींमधला फरक एका अक्षरानेही वाढला नाही.

नाही पटत? उलटं बघा. दोन वर्गांत सगळ्यांच्या उंच्या वेगवेगळ्या असतील तर वर्ग ओळखू येत नाही. एका वर्गात सगळे सारख्याच उंचीचे, दुसऱ्यातही तसेच, तर सरासरीतला तेवढाच फरक एकदम डोळ्यात भरतो. म्हणजे आतली विविधता आटली, बाहेरचं अंतर तेवढंच.

मग आत विविधता का आटते? काही भागांत रिकॉम्बिनेशन, म्हणजे आईबापांकडून आलेल्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल, कमी, पत्ते नीट पिसलेच जात नाहीत, त्यामुळे निवडीने एक वाईट म्युटेशन काढलं की शेजारची निरुपद्रवी विविधताही बरोबर जाते. संकर थांबलाय की चालू आहे याच्याशी त्याचा संबंधच असायला पाहिजे असं नाही.

फ्लायकॅचर या छोट्या पक्ष्यांमध्ये हेच झालं. त्यातल्या कॉलर्ड आणि पाइड या दोन जातींची तुलना २०१२ ला आली, पन्नासेक बेटं. २०१५ ला आणखी जवळच्या जाती घेतल्या, तर वेगवेगळ्या जोड्यांतही शिखरं बरीचशी त्याच त्याच जागी! प्रत्येक जोडी त्याच जीनवरून वेगळी झाली म्हणायचं का? त्यापेक्षा त्या जागाच कमी पिसल्या जाणाऱ्या आहेत हे सरळ नाही का? आणि या दोघांचा संकर झाला तर माद्या वांझ निघतात, म्हणजे अडसर खरा आहे हो, पण तो नेमका कुठल्या शिखरात आहे, किंवा शिखरातच आहे का, हे ग्राफ सांगत नाही.

"मग कावळ्यांचं शिखर पण खोटं का?" विचारणार तुम्ही, माहितीये मला. तिथे शिखराच्या जोडीला रंगाची जीन्स आहेत, जोडीदार रंग बघून निवडला जातो, आणि बाकी जीनोम संकरात मिसळत असताना तो तुकडा मात्र मिसळत नाही. एवढं दाखवा, मग म्हणा बेट, मी खाली हार्ट देईन.