वरच्या श्रेणीचा कॉल आणि तोडला जाणारा कॉल

कोणत्याही संस्थेची टेलिफोन यंत्रणा नेहमीच्या गर्दीला पुरेल एवढ्याच क्षमतेची उभारलेली असते. सगळे जण एकाच क्षणी बाहेर बोलू लागतील असे धरून कोणी ट्रंक लाइन, म्हणजे संस्थेला बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी लाइन, घेत नाही. हा हिशेब वर्षभर बरोबर ठरतो आणि मोठी दुर्घटना घडते त्या दिवशी चुकतो, कारण तेव्हा प्रत्येकालाच फोन करायचा असतो. अशा वेळी निर्णय कळवणारा कॉल अडून राहू नये म्हणून कॉलला श्रेणी देण्याची आणि जागा नसेल तर खालच्या श्रेणीचा चालू कॉल तोडून ती मिळवण्याची सोय केली गेली. श्रेणीला प्रिसिडन्स, तोडण्याला प्रीएम्प्शन आणि दोन्ही मिळून होणाऱ्या सुविधेला एमएलपीपी (मल्टिलेव्हल प्रिसिडन्स अँड प्रीएम्प्शन) म्हणतात.

तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे 1960 च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी उभारलेले ऑटोव्हॉन हे जाळे. त्यावरील खास फोनना 12 ऐवजी 16 बटणे असत आणि उजवीकडच्या जादा स्तंभात वरून खाली फ्लॅश ओव्हरराइड, फ्लॅश, इमिजिएट आणि प्रायॉरिटी अशा चार श्रेणी असत. बटणांच्या टोनच्या मानकात ए, बी, सी, डी या नावांनी आणि 1633 हर्ट्‌झच्या स्वरासह ती चार बटणे आजही टिकून आहेत. पाचवी श्रेणी रूटीन. तिला बटणच नव्हते, कारण काहीही न दाबता केलेला कॉल आपोआप रूटीन ठरत असे. माझ्या मते या सुविधेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता. वरची श्रेणी हवी असेल तर दर कॉलला ती जाणीवपूर्वक मागावी लागे, आणि माणसाला दिलेला अधिकार ही फक्त त्या मागणीची कमाल मर्यादा असे.

आजच्या यंत्रणांत नंबराआधी ठरावीक अंक फिरवून श्रेणी निवडता येते. तरीही फोन बसवताना वरिष्ठांच्या एक्स्टेन्शनला कायमची वरची श्रेणी देऊन टाकण्याचा मोह होतो. त्याचा परिणाम दुहेरी असतो: त्यांच्या साध्या विचारपुशीच्या कॉलसाठीही दुसऱ्यांचे संभाषण तुटू शकते, आणि ती विचारपूस चालू असताना समान किंवा खालच्या श्रेणीचा खरोखर तातडीचा कॉल तिला हात लावू शकत नाही. कारण प्रीएम्प्शन फक्त आपल्याहून खालच्या श्रेणीवर चालते. बरोबरीच्या कॉलवर चालत नाही.

तोडणे दोन ठिकाणी घडते. सर्व ट्रंक भरलेल्या असतील तर त्यांपैकी खालच्या श्रेणीचा एखादा कॉल तोडला जातो, आणि त्यावर बोलणाऱ्या दोघांचा नव्या कॉलशी काहीही संबंध नसतो. दुसऱ्या प्रकारात ज्याला फोन लावला तोच व्यस्त असतो. तेथे त्याचे चालू संभाषण संपवले जाते आणि त्याने फोन ठेवून किंवा तशी खूण देऊन मान्यता दिल्यावर नवा कॉल जोडला जातो. दोन्ही वेळी बोलणाऱ्यांना वेगळा प्रीएम्प्शन टोन ऐकू येतो. हा टोन कर्मचाऱ्यांना आधी ऐकवून ठेवावा, नाहीतर लाइन बिघडली असे समजून ते लगेच पुन्हा नंबर फिरवतात आणि गर्दीत भरच घालतात.

उत्तर न मिळालेल्या कॉलचे काय, हा प्रश्न मला तोडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. वरच्या श्रेणीचा कॉल व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडला तर सगळी व्यवस्था व्यर्थ आहे. म्हणून ठरावीक वेळेत कोणी फोन उचलला नाही तर तो पर्यायी व्यक्तीकडे आणि शेवटी ऑपरेटरकडे वळावा अशी रचना असते. त्या पर्यायी व्यक्तीचे नाव संस्थेनेच भरायचे असते आणि नेमका तोच रकाना अनेकदा रिकामा राहतो. फॉरवर्ड केलेल्या कॉलसोबत त्याची मूळ श्रेणी पुढे जाते की नाही, हेही पाहून घ्यावे.

आयपी फोनमध्ये, म्हणजे संगणक जाळ्यावरून चालणाऱ्या फोनमध्ये, ट्रंकच्या जागी बँडविड्थ (जाळ्याची वहनक्षमता) मोजली जाते. आवाज अंकांत बदलण्याच्या जी.711 पद्धतीत नुसत्या आवाजाला 64 किलोबिट प्रति सेकंद लागतात, त्यावर आवाजाचे तुकडे वाहणाऱ्या पॅकेटच्या शीर्षकांचा (हेडरचा) भार पडतो, आणि दोन ठिकाणांमधली ठरवून दिलेली मर्यादा संपली की तोडण्याचा प्रश्न येतो. एसआयपी (आयपी फोनवर कॉल जोडण्याची प्रमाणित पद्धत) वापरणाऱ्या कॉलची श्रेणी ‘रिसोर्स-प्रायॉरिटी’ या शीर्षकातून जाते. ते 2006 च्या आरएफसी 4412 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ठरले. मधल्या एखाद्या गेटवेने (दोन जाळी जोडणाऱ्या उपकरणाने) त्याकडे दुर्लक्ष केले तर तेथून पुढे तो कॉल साधा कॉल म्हणूनच वागवला जाईल.

प्रत्येक यंत्रणेने कॉल तोडलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेतील गेट्स ही आणीबाणीसाठीची सेवा सार्वजनिक जाळ्यावर चालते. तीत अधिकृत कॉलला रांगेत पुढची जागा मिळते, पण त्यासाठी कोणाचे चालू बोलणे तोडले जात नाही. बहुतेक नागरी संस्थांना एवढे पुरते. तोडण्याची सोय घ्यायचीच असेल तर पोलिस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेला लावलेला कॉल तिच्या कक्षेबाहेर ठेवावा, मग तो कोणत्याही एक्स्टेन्शनवरून गेलेला असो. आणि चाचणी रिकाम्या लाइनवर घेऊ नये: सर्व ट्रंक रूटीन कॉलनी मुद्दाम भरून टाकाव्यात, मग प्रत्येक श्रेणीचा कॉल लावून कोणता कॉल तुटतो आणि टोन दोन्ही टोकांना पोहोचतो का, हे तपासावे.