हात न लावता पाहावं असं पान

पाचोळ्यातून वर आलेत ते टोकदार कोंब. प्रत्येकात पानं सुरळीसारखी गुंडाळलेली. सुरळी सुटली की हा रंग दिसतो. धड निळा नाही, धड हिरवा नाही.

हा हॉस्टा, सावलीत वाढणारं, पानांच्या शोभेसाठी लावतात ते रोप. हा 'हॅल्सियन' जातीचा. हॉस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. ही जात मात्र इंग्लंडमध्ये तयार झाली. तिथले रोपं तयार करणारे एरिक स्मिथ यांना दोन हॉस्टांचा संकर करायचा होता. एक 'टार्डिफ्लोरा', दुसरा मोठ्या निळ्या पानांचा 'एलेगन्स'. पण एकाला फुलं येतात शरदात, दुसऱ्याला उन्हाळ्यात. परागकण न्यायचे कसे? १९६१ साली एकाला अवेळी बहर आला आणि स्मिथ यांनी ती वेळ साधली. त्या संकराच्या रोपांमधून पुढे निवडलं गेलेलं हे रोप.

आता जवळून बघा. पावसाचा थेंब पानावर टिकत नाही, घरंगळतो. अळवावरचं पाणी म्हणतो ना, तसंच. कारणही तेच : मेण. पानात निळा रंग नाहीच. पान हिरवं आहे, वर मेणाचा पातळ थर आहे, आणि त्या थरावर प्रकाश विखुरला की आपल्याला निळं दिसतं. इथे, मधल्या शिरेच्या डावीकडे, एकदाच अंगठा फिरवलाय. निळाई गेली, खालचा हिरवा पट्टा उघडा पडला. या पानावर ती पुन्हा भरून येणार नाही. म्हणून अगदी कळकळीची विनंती, पान कुरवाळू नका.

झारी अशी खाली धरायची, पाणी गड्ड्याशी सोडायचं. वरून फवारा नको. तेलाची किंवा साबणाच्या पाण्याची फवारणी तर नकोच, तिने मेण उतरतं. मोठ्या झाडाखाली लावताना माती खणून भरपूर कुजलेलं खत घालायचं, कारण झाडाची मुळं ओल ओढून घेतात. सकाळचं कोवळं ऊन सोसतं. दुपारचं सोसत नाही.

ही भोकं बिनशंखाच्या गोगलगायींची. त्या रात्री येतात. आणि हे पान डागाळलंय ते हॉस्टा व्हायरस एक्स या विषाणूमुळे. त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकावं लागतं.

उन्हाळा सरत आला. मेण झिजलं, पानं हिरवी झाली. थंडीत ती पिवळी पडून जमिनीवर लोळतील. खाली गड्डा जिवंत असेल. त्याला ही थंडी लागतेच.