पुलमन गाडीतले 'जॉर्ज'

श्रोतेहो, नमस्कार.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत रात्रीच्या गाडीनं निघालेला गोरा प्रवासी डब्यातल्या कृष्णवर्णीय पोर्टरला सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचा. हे शयनडबे चालवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून नोकरही जॉर्ज. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची जुनी रीत. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली, रीत उरली. गंमत बघा, या हाकेविरुद्ध एक मंडळ निघालं, पण ते काढलं जॉर्ज नावाच्या गोऱ्यांनी! त्यांना आपल्या नावाची चिंता.

पुलमननं १८६७ मध्ये आलिशान शयनडब्यांची कंपनी काढली आणि पोर्टर म्हणून मुद्दाम नुकते मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. बिछाने घालायचे, बूट चमकवायचे, रात्रभर घंटीकडे कान ठेवायचा. महिन्याला जवळपास चारशे तास काम. गाडी सुटण्याआधी डबा सज्ज करायचा, तो वेळ तर हिशेबातच नाही. पॉलिश पदरच्या पैशांनी. पगार इतका तुटपुंजा की घर चालायचं बक्षिशीवर, आणि बक्षिशी हवी तर अपमान गिळून हसायचं. पुलमननंतर कंपनीचा अध्यक्ष कोण झाला? रॉबर्ट, अब्राहम लिंकनचा मुलगा!

बरं, कामगार चळवळ तरी आपली? १८९४ च्या गाजलेल्या पुलमन संपातल्या रेल्वे युनियननं कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेतलं नव्हतं.

म्हणून २५ ऑगस्ट १९२५ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोर्टरांनी स्वतःची युनियन काढली, 'ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स'. पुढारी नेमला ए. फिलिप रँडॉल्फ, एका मासिकाचा संपादक. तो पोर्टर नव्हता, हीच त्यातली हुशारी. जो नोकरीतच नाही, त्याला काढणार कसं? कंपनीनं मग हेर पेरले, सभासदांना घरी बसवलं. मंदीत तर युनियन जवळजवळ संपलीच होती. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायद्यात पोर्टरांना जागा मिळाली, तेव्हा वारं फिरलं. करारावर सह्या झाल्या २५ ऑगस्ट १९३७ ला, बरोबर बारा वर्षांनी. महिन्याचे तास २४० वर आले, पगार वाढला.

पुढे १९४१ मध्ये रँडॉल्फनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. तो निघण्याआधीच अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतल्या वर्णभेदाविरुद्ध आदेश काढला.

आणि १९५५ मध्ये अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावले ई. डी. निक्सन. हे पुलमनचे पोर्टर, ब्रदरहुडचे तिथले पुढारी. बस बहिष्कारासाठी पहिली बैठक त्यांनीच फोन करकरून जमवली. स्वतःला मात्र जाता आलं नाही. त्या दिवशी गाडीवर ड्युटी होती.