"मग दुसरं पुस्तक?"

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिलीयेत आणि खाली पुऱ्या तळायला सुरुवात झालीये, त्यामुळे मी वेळेत आटपेन याची काळजी नसावी.

या पुऱ्यांवरूनच आमच्या घरी भांडण झालं. गणपतीत माझी तेरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मंडळात माइक नेहमी तुझ्याकडे आणि झारा नेहमी आईकडे, असं का?" मी काय म्हणालो? "मोठ्यांच्यात बोलू नये." वडिलांचं वाक्य, सामानात पापड-लोणच्यासोबत आलेलं.

मी बुलढाण्याचा. गाव सांगितलं की तुम्ही लोणार म्हणता, शेगाव म्हणता, कचोरी म्हणता. मीही तेच म्हणायचो. गावात अठरा वर्षं काढली पण आमच्याच गावच्या लेखिका ताराबाई शिंदे मला चाळिशीत, इथे येऊन कळल्या!

1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या बाळाला मारलं म्हणून फाशी सुनावली, पुढे शिक्षा कमी झाली, पण पेपरात चर्चा कसली, तर बायका कशा बिघडल्यात. पुनर्विवाहाची वाट बंद ठेवायची आणि पाय घसरला की दोष एकटीचा. ताराबाई भडकल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत, सत्यशोधक माणूस, मुलीला शिकवलेलं. 1882 मध्ये पुण्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं, 500 प्रती, किंमत नऊ आणे. बायकांच्या नावावर खपवलेला एकेक दुर्गुण उचलून पुरुषांच्या पदरात टाकला. सभेत सुधारणेवर भाषणं ठोकायची आणि करायचं काहीच नाही, अशांनाही सोडलं नाही. (थांबा, पाणी पितो.)

आपणही 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो की, छान बोलतो, आणि त्या दिवशीचे पोहे कोण करतं ते सगळ्यांना माहितीये.

तर गेल्या रविवारी गाडीत लेकीला हे सांगितलं, समेट म्हणून. पुस्तकावर टीका झाली, अगदी सत्यशोधकांतूनही, तेव्हा जोतिराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरं पुस्तक?"

दुसरं नाहीये. पहिलंसुद्धा संशोधक स. गं. मालशांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

"पण का नाही लिहिलं?"

मी म्हटलं, बोलणी खाल्ली असतील गं. "हं," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

गणपतीपासून तिने झाऱ्याचा विषय काढलेला नाही. भांडत नाही, सांगितलं तेवढं करते. तिची आई म्हणते शहाणी झाली पोर, नातेवाईक व्हिडिओ कॉलवर कौतुक करतात, आणि मला मात्र रात्री झोप लागत नाही.

आज ती आलीये, शेवटच्या रांगेत. मघाशी विचारलं, माझ्याऐवजी तू बोलतेस का दोन मिनिटं? म्हणाली, "नको बाबा, तूच बोल."