झाकून ठेवलेलं ताट

(पडदा काळा. आधी फक्त पातेल्यात खदखदणाऱ्या पाण्याचा आवाज. मग स्वयंपाकघर दिसतं.)

दुपारचे तीन वाजलेत. जेवण सहानंतर, पण चणे कालपासून भिजत पडलेत आणि एवढं मोठं पातेलं शिजायला वेळ घेतं. ढवळायला घेतलेला लाकडी डाव जवळजवळ वल्ह्याएवढा आहे. तो ज्या मुलीच्या हातात आहे, ती तिसऱ्या वर्षाला शिकते. विषय न्यूरोसायन्स. सकाळी तिचं प्रॅक्टिकल होतं, उद्या परीक्षा आहे, आणि आत्ता ती इथली मुख्य आचारी आहे. साठेक माणसं आज तिच्या भरवशावर जेवणार आहेत.

(जवळून: ती एक चणा बोटांत धरून दाबते. चणा फुटत नाही. ती मान हलवते, झाकण ठेवते.)

हे ओबर्लिन कॉलेज. अमेरिकेतलं ओहायो राज्य, क्लीव्हलँडपासून साधारण 55 किलोमीटर. आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेतं, उत्तरेला ईरी सरोवर, आणि मध्ये हे आठेक हजार वस्तीचं गाव. कॉलेजात मुलं जेमतेम तीन हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त गर्दी असते. संध्याकाळी कुठे जायचं म्हटलं, तर टॅपन स्क्वेअरची हिरवळ, एक जुनं सिनेमा थिएटर आणि दोन-चार खाण्याची ठिकाणं. त्यामुळे इथलं आयुष्य मुलांनी स्वतःच उभं केलंय. त्यातलं सगळ्यात जिवंत ठिकाण हे स्वयंपाकघर आहे, म्हणून आम्ही कॅमेरा आधी इथे आणला.

ही मेस कंत्राटदाराची नाही. 1950 साली इथल्या विद्यार्थ्यांनी आपली सहकारी खानावळ सुरू केली. पुढे अशा अनेक खानावळी आणि वसतिगृहं मिळून विद्यार्थ्यांची एक सहकारी संस्था झाली. भाजी काय आणायची, ती कोणत्या शेतकऱ्याकडून घ्यायची, पैसे कसे वाटायचे, भांडी कोणी घासायची, हे सगळं सभासद ठरवतात, आणि सभासद म्हणजे हीच मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे चार-पाच तास काम येतं.

(भिंतीवरचा कामाचा तक्ता. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नावं, खाडाखोड, एका कोपऱ्यात तेलाचा डाग.)

हा तक्ता नीट बघा. कुणी पाव भाजणारं, कुणी कांदे चिरणारं, कुणी फक्त जेवणानंतरच्या घासाघाशीला. एक नाव खोडून दुसरं लिहिलंय, कारण पहिल्याची ऑर्केस्ट्राची तालीम आहे. त्याने आपली पाळी बदलून घेतली आणि शनिवारची भांडी अंगावर घेतली. शेजारच्या कागदावर कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला गहू चालत नाही, कोण मांस खात नाही, त्याची यादी. ती यादी पाठ झाल्याशिवाय इथे कुणी आचारी होत नाही.

(पीठ मळणारे दोन हात. मनगटापर्यंत पीठ. निवेदन थांबतं. हे दृश्य पूर्ण चालू द्यावं.)

हा पहिल्या वर्षाचा मुलगा. ऑगस्टमध्ये घरून आला, तेव्हा त्याला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. आता बुधवारचा पाव त्याचा असतो.

या इमारतीचं नाव कीप कॉटेज. नाव कुणाचं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय हे स्वयंपाकघर समजणार नाही.

(जुनी छायाचित्रं. कॉलेजची मुद्रा.)

कॉलेज 1833 चं. जंगल तोडून वसवलेलं. मुद्रेवर दोनच गोष्टी कोरल्या: विद्या आणि श्रम. मुलांकडे फीचे पैसे नसत, म्हणून त्यांनी शेतात, लाकूडकामात राबायचं आणि शिकायचं. पण कॉलेज सुरू होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच तिजोरी रिकामी झाली. त्याच सुमारास सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेत, विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर अनेक रात्री वादविवाद केला. विश्वस्तांनी अशा चर्चेवर बंदी घातली, तेव्हा बरीच मुलं ती संस्था सोडून बाहेर पडली. ती ओबर्लिनला यायला तयार होती. त्यांच्यामागे न्यू यॉर्कच्या टॅपन या व्यापारी बंधूंचा पैसाही येणार होता. अट एकच मोठी: कॉलेजात प्रवेश देताना कातडीचा रंग पाहायचा नाही.

1835 च्या फेब्रुवारीत विश्वस्त बसले. मतं समसमान पडली. अध्यक्ष होते जॉन कीप नावाचे पाद्री. त्यांनी आपलं मत बाजूने टाकलं आणि दार उघडलं. 1837 मध्ये चार मुली पदवीच्या वर्गात बसल्या. 1862 मध्ये मेरी जेन पॅटरसन इथून बी.ए. झाली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते.

सगळंच उजळ होतं असं मात्र म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या त्या वर्षांत मुलींच्या वाट्याला आलेला ‘श्रम’ म्हणजे मुलांचे कपडे धुणं, शिवणं आणि वाढणं. आज याच गावात, कीपच्या नावाच्या घरात, पावाचं पीठ मुलगा मळतोय आणि चूल मुलीच्या हुकमतीत आहे. मला यात शिक्षणाची खरी प्रगती दिसते.

आपल्या मातीतल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुलं एकाच चुलीवर रांधत होती आणि एका पंगतीला बसत होती. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचं वाक्य ओबर्लिनच्या त्या मुद्रेशेजारी ठेवून पाहावं.

(बैठक. मुलं खुर्च्यांवर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर. काहींच्या मांडीवर लॅपटॉप.)

रविवारची सभा. विषय मधाचा. मोठा डबा आणायचा की नाही? दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्या मुलांपैकी काहींना मध चालत नाही, आणि पैसे तर सगळ्यांचे. इथे शक्यतो हात वर करून बहुमताने निकाल लावत नाहीत. सगळ्यांना मान्य होईपर्यंत बोलत राहायचं. कुणाचं म्हणणं पटलं, की टाळी वाजवायची नाही, बोटं हवेत हलवायची, म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य तुटत नाही. मधावर पाऊण तास गेला. शेवटी छोटा डबा आला. पाऊण तास फुकट गेला असं वाटणाऱ्यांनी त्या कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहावं. सत्र सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच सभेत बोलली.

(रात्र. संग्रहालयासमोर तंबू. हातांत कॉफीचे कप, अंगावर रजया.)

आता जरा बाहेर येऊ. हे ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियम, 1917 पासून इथे उभं आहे. थंडीत ही मुलं रात्रभर तंबूत का बसलीत? चित्रं भाड्याने घ्यायला. इथल्याच कलेच्या अभ्यासक एलेन जॉन्सन यांनी 1940 साली ही प्रथा सुरू केली. सत्राच्या सुरुवातीला संग्रहालय अस्सल कलाकृती विद्यार्थ्यांना खोलीत टांगायला देतं. पिकासो, दाली, वॉरहोल यांची कामंही त्यांत असतात. भाडं एका चित्राला पाच डॉलर. जो रांगेत पुढे, तो आधी निवडणार. बस्स, एवढाच नियम. ना गुण बघतात, ना बापाचं नाव.

(सकाळ. दार उघडतं. एक मुलगी चौकट छातीशी धरून पायऱ्या उतरते. तिच्या मागे कॅमेरा वसतिगृहापर्यंत.)

पलंगाच्या वर, अभ्यासाच्या टेबलाशेजारी, वाळत घातलेल्या मोज्यांच्या बाजूला ते चित्र चार महिने राहील. झोपेतून उठल्यावर ती आधी ते बघेल. साठ जणांची चूल सोपवली तशीच ही चौकटही सोपवली. तुझ्या हाती दिलं, आता तू सांभाळ.

असंच आणखी एक. 1968 पासून इथे विद्यार्थीच शिकवतात असे वर्ग चालतात. ज्याला जे येतं, ते त्याने शिकवायचं, आणि शिकणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं. ते आम्हाला चित्रित करता आलं नाही.

पैशाचं सांगायचं तर राहणं-खाणं धरून इथला वर्षाचा खर्च आता 80,000 डॉलरच्या वर आहे. बऱ्याच जणांना मदत मिळते, आणि सहकारी जेवण कॉलेजच्या जेवणापेक्षा स्वस्त पडत आलंय. 2020 च्या महासाथीत ही स्वयंपाकघरं बंद पडली; नंतर काही पुन्हा उघडली, पण आधीइतकी नाहीत.

(पुन्हा स्वयंपाकघर. घंटा. ताटं. आवाज वाढतो.)

चणे शिजले. पुन्हा तोच चणा, तीच दोन बोटं. या वेळी तो लोण्यासारखा दबला. रांग लागली. कुणी वाढत नाही, ज्याचं त्याने घ्यायचं, पण मागच्यासाठी राहिलं पाहिजे हे नवख्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं.

(तीन मिनिटं निवेदन नाही. जेवण, हसणं, मग भांड्यांचा ढीग, वाफ, ओले हात.)

साडेनऊ. ओटा पुसून झालाय. मुख्य आचारीण परीक्षेच्या वाचनाला गेली. दिवे अर्धे मालवलेत. फ्रिजमध्ये खालच्या फळीवर झाकलेल्या ताटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. ज्यांना वेळेवर येता आलं नाही, त्यांचं जेवण. आपल्या घरी कुणी उशिरा येणार असलं की आई ताट झाकून ठेवते. इथे ते काम तक्त्यावर लिहिलेलं असतं, आणि आज ते त्या पावाच्या मुलाकडे होतं.

(दार ढकललं जातं. पाठीवर चेलोची मोठी पेटी घेतलेला मुलगा. संगीत विद्यालयातल्या सरावाच्या खोलीतून थेट.)

पेटी भिंतीला टेकवतो. फ्रिज उघडतो. ताटल्यांवरची नावं एकेक करून वाचतो.

(त्याला त्याचं नाव सापडतं.)