डिकीतला एक फॅरडचा डबा नेमकं करतो काय?

आधीच सांगून टाकतो, मी इथे गाडीच्या साउंड सिस्टिमचे कपॅसिटर विकायला आलेलो नाही, त्यामुळे "कुठल्या ब्रँडचा घेऊ" हे ज्यांना विचारायचंय ते शेवटपर्यंत बसले तरी त्यांना उत्तर मिळणार नाही. बाकी सगळं विचारा, मध्येच थांबवून विचारलंत तरी चालेल.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गाडीत मोठा अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, बसवलाय, रात्री पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला उभे आहात, बेस वाजला की हेडलाइट मान टाकतात, पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर आपलाच उजेड गाण्याच्या ठेक्यावर कमी-जास्त होताना दिसतो. दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की एकच औषध मिळतं, कपॅसिटर टाका, एक फॅरडचा, सगळं ओके होईल. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा डबा, फॅरड हे त्याच्या क्षमतेचं माप. मग निळ्या डिजिटल डिस्प्लेचा तो चकचकीत डबा डिकीत बसतो, दिसतो भारी, आणि खरं सांगू का, बऱ्याच गाड्यांमध्ये दिसणं एवढंच काम तो करतो.

आता हे मी उगाच खवचटपणे म्हणत नाहीये, हिशोब मांडूनच दाखवतो.

इंजिन चालू असताना गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, बॅटरी नाही, हे आधी डोक्यात बसू द्या. अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिचा स्वतःचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास. म्हणजे सिस्टिम १४ वर चालली असेल तोपर्यंत बॅटरी काही देत नाही, उलट चार्जिंग खात बसलेली असते. आता हजार वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा, अँप घ्या, खरे हजार, डब्यावर छापलेले "मॅक्स पॉवर" हजार नव्हे, ते छापायला काही पैसे पडत नाहीत. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारातला, अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर तो गाडीकडून १२५० वॅट ओढतो, १४ व्होल्टला ते झाले जवळजवळ ९० अँपिअर. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर ढोबळमानाने ६० ते ९० अँपिअरचा असतो, आणि तोही इंजिन पळत असताना, सिग्नलला आयडलिंगवर उभे असताना त्यातून निम्मं निघालं तरी खूप झालं. त्यात हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की व्होल्टेज घसरायला लागतो आणि घसरत घसरत १२.६ च्या जवळ आला की मगच बॅटरी खऱ्या अर्थाने हात लावते. १४ वरून साडेबारावर हेडलाइट आला तर हॅलोजन बल्बचा उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो, कारण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी जास्त वेगाने पडतो. ज्यांच्या गाडीत करंट स्थिर ठेवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवाले एलईडी हेडलाइट आहेत त्यांना हे दिसणारच नाही, पण म्हणून व्होल्टेज पडत नाही असं नाही बरं का.

मग अल्टरनेटर लगेच जोर का लावत नाही? त्याचा रेग्युलेटर फील्ड कॉइलमधला, म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाच्या गुंडाळीतला, करंट वाढवतो, आणि कॉइल म्हटलं की करंट वाढायला वेळ घेणारच. बेसचा ठोका तेवढा वेळ थांबत नाही.

ह्या फटीत कपॅसिटर येतो. आत काय असतं, तर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, एकीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, मध्ये इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला कागद, आणि हे सगळं गुंडाळून डब्यात कोंबलेलं. बॅटरीत वीज काढायला रासायनिक क्रिया व्हावी लागते, इथे चार्ज पट्ट्यांवर नुसता बसलेला असतो, मागितला की निघाला. दुकानदाराच्या बँकेत लाखो रुपये असतील पण गिऱ्हाईक समोर उभं असताना सुट्टे वीस रुपये गल्ल्यातूनच द्यावे लागतात, कपॅसिटर म्हणजे तो गल्ला. आणि गल्ल्यात पैसे येतात ते दुकानाच्याच कमाईतून, दुकान तोट्यात असेल तर गल्ला मोठा करून काही होत नाही.

आता हा टेबलावर ठेवलाय तो एक फॅरडचा. ही बॅटरी, आणि हा आपला साधा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी सोडल्यात. रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला कधीच लावायचा नाही, पहिल्या क्षणी तो जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा वागतो, टर्मिनलवर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. म्हणून बल्ब मध्ये घेऊन, सिरीजमध्ये. बघा, लावल्या लावल्या बल्ब चांगला पेटला, म्हणजे करंट जातोय, आता मंद होतोय, पिवळट, तांबूस, गेला. कपॅसिटर भरला. मीटर लावतो, साडेबारा दाखवतोय. आता बॅटरी बाजूला काढली आणि तोच बल्ब कपॅसिटरला लावला. पेटला… आणि काही सेकंदांत परत तांबूस होऊन विझला. संपलं.

एवढंच असतं त्यात! साडेबारा व्होल्टला एक फॅरड म्हणजे जेमतेम ७८ ज्यूल, २१ वॅटच्या बल्बला चारेक सेकंदांचं खाद्य. तुमचा अँप त्याच्या साठपट ओढणारा. शिवाय हे ७८ ज्यूल मी पार शून्यापर्यंत रिकामा करून काढले, गाडीत तसं होत नाही, तिथे कपॅसिटर १४ वरून १२.६ पर्यंतच उतरणार, कारण पुढे बॅटरी सांभाळून घेते. तेवढ्यात मिळतात साधारण १८ ते १९ ज्यूल. भागिले १२५० वॅट, उत्तर १५ मिलीसेकंद. ५० हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं असतं. म्हणजे पूर्ण जोरात वाजणाऱ्या बेसचं एक अख्खं आवर्तनसुद्धा तो डबा पेलत नाही.

म्हणजे तो निव्वळ फसवणूक आहे का? नाही, तसंही नाही. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा, ठोका छोटा असतो, मध्ये फट असते, त्या फटीत कपॅसिटर परत भरतो आणि पुढच्या ठोक्याच्या अगदी सुरुवातीची टोकदार मागणी तो देतो, ती सुरुवात थोडी नीट येते. अँप तीनशे-चारशे वॅटचा असेल, वायरिंग चांगलं असेल आणि लाइट अगदी जरासेच लुकलुकत असतील तर फरक दिसेलही. पण सेकंद-दोन सेकंद घुमत राहणारा इलेक्ट्रॉनिक बेस ऐकणारे असाल तर पहिल्या आवर्तनानंतर तो डबा नुसता प्रवासी आहे, वर परत भरून घ्यायला त्याच दमलेल्या अल्टरनेटरकडे हात पसरणार.

मग करायचं काय? पैसे काढायच्या आधी मीटर काढा. साधा मल्टीमीटर मिलीसेकंदांचे झटके दाखवू शकत नाही म्हणून गाण्याऐवजी ५० हर्ट्झचा टोन थोडा वेळ वाजवा, फार वेळ नको, सबवूफरची कॉइल तापते. गाडी चालू ठेवून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग डिकीत अँपच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हीकडे सारखंच पडत असेल तर दुखणं अल्टरनेटर-बॅटरीचं आहे. बॅटरीवर १४ आणि अँपवर साडेबारा दिसत असेल तर दुखणं मधल्या वायरचं आहे, आणि माझं ठाम मत आहे की निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. हिशोब बघा, बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरा, ८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) शुद्ध तांब्याची वायर असेल तर ९० अँपिअरला फक्त पॉझिटिव्ह वायरमध्ये जवळजवळ एक व्होल्ट जातो. ४ गेज टाकली तर ०.४ च्या आत. आणि स्वस्त किटमध्ये येते ती सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वरून प्लास्टिक जाड असतं म्हणून वायर जाडजूड वाटते. टोक सोलून सुरीने जरा खरवडा, आत पांढरं दिसलं की समजायचं.

अर्थिंग तर लोक विसरूनच जातात. रंगावरच स्क्रू मारलेला असतो! पॉलिश पेपरने पत्रा उघडा करा, वायरच्या टोकाची कडी, म्हणजे लग, नीट दाबून क्रिंप करा, आणि बोनेटखालच्या तीन वायरी, अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी, ह्यांच्या जोडीला जाड वायरी टाका. हेडलाइट लुकलुकण्यावर कपॅसिटरपेक्षा ह्याचा गुण जास्त येतो असं मला वाटतं. फक्त माइल्ड हायब्रिड किंवा स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो, तिथे अँपचं अर्थिंग थेट टर्मिनलला जोडू नका, बॉडीला घ्या, नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो. शिवाय अशा गाड्यांचा अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, तो बिघाड नव्हे.

मागून प्रश्न आला, "सर, मग एकाऐवजी पन्नास फॅरडचा लावला तर?" चांगला प्रश्न आहे. खरा पन्नास असेल तर गोष्टच वेगळी. खरे पन्नास मिळतात ते सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त चार्ज मावणाऱ्या प्रकारात. त्याचा एक सेल २.७ व्होल्टचा असतो, म्हणून गाडीसाठी सहा सेल सिरीजमध्ये जोडतात, १६.२ व्होल्ट होतात, पण सिरीजमध्ये क्षमता सहाने भागली जाते. ५०० फॅरडचे सहा सेल म्हणजे ८३ फॅरड. मघाचाच हिशोब लावा, १५ मिलीसेकंदांच्या जागी सव्वा सेकंद. ह्याला मी मदत म्हणेन. फक्त प्रत्येक सेलचा व्होल्टेज सारखा ठेवणारा बॅलन्सिंग बोर्ड हवा. आणि डब्यावर पन्नास छापलंय म्हणजे आत पन्नास आहे असं धरून चालू नका. एवढ्याशा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे मघाच्या भिजवलेल्या कागदाच्या, डब्यात पन्नास फॅरड मावत नाहीत.

बसवताना अँपच्या जितका जवळ तितका बरा, फूट-दीड फुटाच्या आत. लांब ठेवलात तर मधली वायरच त्याची चपळाई खाऊन टाकते. मेन फ्यूज बॅटरीपाशी, वायर निघते तिथेच, तो कपॅसिटर लावला म्हणून वगळायचा नाही. पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी झाली तर आत गॅस होतो आणि डबा फुटू शकतो. १४ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण अंगठी किंवा कडं दोन टर्मिनलच्या मध्ये आलं तर शेकडो अँपिअर जातात आणि धातू लालबुंद होतो, म्हणून काम करताना हात मोकळे. काढतानाही त्याच बल्बवर रिकामा करून काढायचा, पान्हा आडवा टाकून नाही. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी आठवा, तापमान वाढलं की दर दहा अंशांना इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा अँपच्या गरम हीटसिंकला चिकटवू नका.

आता ज्या कपॅसिटरबद्दल कोणीच बोलत नाही तो. तुमच्या ट्वीटरच्या, म्हणजे तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, वायरीत शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर असतो, आणि माझ्या मते गाडीतल्या आवाजाच्या दृष्टीने तो डिकीतल्या डब्यापेक्षा मोलाचा. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका तो जास्त अडवतो, त्यामुळे बेस ट्वीटरच्या नाजूक कॉइलपर्यंत पोचत नाही. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर साधारण ८५०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरायला लागतो, १० लावला तर ४००० च्या आसपास. उतार हळू असतो, सप्तकामागे ६ डेसिबल. कुणी म्हणालं "जरा मोठा टाक, आवाज भरीव येतो", तर येतो खरा, पण ट्वीटरवरचा भारही वाढतो आणि एक दिवस तो जळतो. हा कपॅसिटर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चहाच्या पैशात मिळतो, मात्र मागताना नॉन-पोलर मागा, अंगावर एनपी किंवा बीपी लिहिलेलं असतं, पट्टीवाला साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही कारण इथे करंट दोन्ही दिशांनी जातो. थोडे जास्त पैसे गेले तरी पॉलिप्रोपिलीन फिल्मवाला घ्या, तो सुकत नाही. जुना इलेक्ट्रोलिटिक सुकला की त्याची क्षमता घटते, ट्वीटरपर्यंत फक्त अगदी वरचेच सूर पोचतात, आणि माणूस म्हणतो स्पीकर जुने झाले, बदला. चार स्क्रू काढून बघायचे कष्ट कोण घेतो.

शेवटचा प्रश्न, जुना एक फॅरडवाला मिळतोय, घेऊ का? बल्बमधून भरा, वायरी काढा, डिस्प्लेची वायरही काढा कारण तो स्वतःच करंट खातो, आणि रात्रभर ठेवून सकाळी मीटर लावा. बऱ्यापैकी व्होल्टेज टिकला असेल तर गळत नाहीये, म्हणजे निदान तेवढं तरी ठीक आहे. मग बल्ब लावा. आत्ता टेबलावर जेवढा वेळ पेटला त्याच्या निम्म्यातच विझला तर डबा परत द्या आणि त्या पैशांची ४ गेजची तांब्याची वायर आणा.