हात जुळवून घेतो, मान नाही

(दृश्य: दादरच्या एका इमारतीतली खोली. डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी जग दाखवणारा) हेडसेट, हातात त्याचा कंट्रोलर, म्हणजे हाताची हालचाल टिपणारी मूठ.)

मान वळली की चित्रही लगेच सरकायला हवं. सेन्सरने हालचाल टिपायची, संगणकाने चित्र काढायचं, पडद्याने ते दाखवायचं. हे सगळं साधारण २० मिलिसेकंदांत उरकलं तर उशीर सहसा जाणवत नाही. त्यातले ११ तर ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या, पडद्याची एक फ्रेमच (एक चित्रच) खाते.

मान सेकंदाला १०० अंश वेगाने फिरतेय आणि उशीर ५० मिलिसेकंदांचा आहे, तर चित्र ५ अंश मागे पडतं. इकडे आतल्या कानाच्या इशाऱ्यावर डोळे सुमारे १० मिलिसेकंदांत उलट दिशेला वळलेले असतात. मग स्थिर भिंत डुलायला लागते. पुढची पायरी मळमळ.

म्हणून हेडसेट एक चलाखी करतो. ऐन वेळी डोक्याची ताजी दिशा बघून तो तयार चित्रच सरकवतो. संगणकावरून वायफायने चित्र येत असताना मान झटकन वळवलीत, तर कधी कडेला काळी पट्टी दिसते, ती याचीच खूण. हाताला ही सवलत फारशी मिळत नाही; चित्रातला हात मागेच रेंगाळतो.

(दृश्य: कंट्रोलर धरलेला हात, जवळून.)

पण हात शिकतो. संशोधक कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगात लोकांनी २३५ मिलिसेकंदांचा उशीर सरावाने पचवला. गंमत म्हणजे उशीर काढून घेतल्यावर त्यांचं काम बिघडलं! २००६ च्या दुसऱ्या एका प्रयोगात तर उशीर हटवल्यावर, बटण दाबण्याआधीच प्रकाश चमकल्याचा भास लोकांना झाला.

हा सराव जमतो तो उशीर एकसारखा असला तर. मुंबईच्या इमारतीत भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे राउटर, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर नुसती खेचाखेच. तिथे उशीर क्षणाक्षणाला बदलतो. तेव्हा ५ गिगाहर्ट्झ वापरा, राउटर त्याच खोलीत ठेवा आणि संगणक त्याला केबलनेच जोडा.

(दृश्य: टेबलावर हेडसेट, भिंगासमोर मोबाइल.)

उशीर घरीही मोजता येतो. हेडसेटच्या आतला, चेहरा जवळ आहे का ते ओळखणारा सेन्सर चिकटपट्टीने झाका, नाहीतर पडदा बंद होईल. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावा; भिंगातलं चित्र आणि खरा कंट्रोलर दोन्ही दिसू द्या. कंट्रोलरला अचानक टिचकी मारा. संथ हालचालीचा हेडसेट आधीच अंदाज बांधतो आणि आकडा फसवा येतो. कंट्रोलर हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा: १२ फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद.

असं दहा वेळा करा. सगळे आकडे १२-१३ आले, तर हात जुळवून घेईल. ८, २१, ११ असे आले, तर आधी राउटरची जागा बदला.